मेंदूची शिकवण आणि यंत्राची शाळा

मूल शाळेत प्रथम पाऊल ठेवते तेव्हा त्याच्या मेंदूतील पेशींची संख्या जवळजवळ ठरून गेलेली असते. दहा वर्षांनी ते शाळेचा निरोप घेते तेव्हा त्या मेंदूत जो बदल झालेला असतो, तो मुख्यतः पेशींच्या परस्परांशी असलेल्या जोडण्यांचा असतो. पहाटेच्या वंदनेत म्हटलेल्या गाथा, सामुदायिकपणे घोकलेले पाढे, शुद्धलेखनाचे नियम, सहनिवासातून अंगवळणी पडलेली शिस्त हे सारे त्या जोडण्यांच्या रूपाने मुलाबरोबर आयुष्यभर चालत राहते. शिक्षणाची ही जीवशास्त्रीय बाजू विज्ञानाला गेल्या शतकात कळली, आणि ती कळताच काही अभियंत्यांनी विचारले की यंत्रालाही याच रीतीने शिकवता येईल का?

आज ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द खेड्यापाड्यांतील घरांतही ऐकू येतो. त्याविषयी कुतूहल आहे, भीती आहे आणि बरेचसे अज्ञानही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तीन गोष्टी सांगू इच्छितो. संगणकशास्त्राने मेंदूपासून नेमके काय घेतले, आपल्या महाराष्ट्रात या दिशेने कोणते काम झाले, आणि कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील आपल्यासारख्यांचा या विद्येशी काय संबंध आहे. वाचकाला बेरीज-वजाबाकी येत असली तरी ती पुरेशी आहे.

वीस वॅटचे आश्चर्य

मानवी मेंदूचे वजन साधारणतः १.३ ते १.४ किलो असते. शरीराच्या वजनाचा हा जेमतेम २ टक्के भाग. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. शरीराच्या हिशेबात तो खर्चिक अवयव होय. विजेच्या हिशेबात मात्र हा खर्च सुमारे २० वॅट, म्हणजे घरातील दोन एलईडी दिव्यांइतका भरतो. एवढ्या ऊर्जेत आपण चेहरे ओळखतो, भाषा बोलतो, सायकलवर तोल सांभाळतो आणि गणितेही सोडवतो.

मेंदू हा अखंड जाळ्याचा बनलेला नसून स्वतंत्र पेशींचा बनलेला आहे, हे स्पेनचे शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या निरीक्षणांतून दाखवून दिले. त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींना आपण चेतापेशी म्हणतो. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीची नवी रीत वापरून मानवी मेंदूतील चेतापेशींची सरासरी संख्या सुमारे ८,६०० कोटी असल्याचे दाखवले. चेतापेशीला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका असतात, त्यांतून संदेश आत येतात. आणि एक लांब अक्षतंतू असतो, त्यावाटे संदेश बाहेर जातो. एका पेशीचा अक्षतंतू दुसऱ्या पेशीच्या ज्या ठिकाणी भिडतो, ते संपर्कस्थान. एकेका पेशीवर अशी हजारो संपर्कस्थाने असतात. मेंदूतील त्यांची एकूण संख्या एक कोटीच्या एक कोटी पट, या घरात असावी असा अंदाज आहे.

चेतापेशीची कामाची रीत साधी आहे. इतर पेशींकडून आलेले संदेश ती गोळा करते. काही संदेश तिला उत्तेजन देतात, काही तिला आवरतात. उत्तेजनाची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ती एक विद्युत आवेग सोडते; तो साधारण एक सहस्रांश सेकंद टिकतो. मर्यादा ओलांडली नाही तर ती गप्प राहते. अर्धा आवेग असा प्रकार नसतो.

मग शिकणे कोठे घडते? कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये याचे उत्तर सुचवले. एक पेशी दुसरीला पुनःपुन्हा उत्तेजित करण्यात सहभागी होत राहिली, तर त्या दोघींमधील संपर्कस्थान बळकट होते. पायवाट चालून चालून रुळते, तसेच हे. पाठांतराने गाथा मुखोद्गत होते, याचा पेशींच्या पातळीवरील अर्थ हाच.

चुका दुरुस्त करीत शिकणारे गणित

चेतापेशीचे पहिले गणिती रूप १९४३ मध्ये अमेरिकेत वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मांडले. पिट्स तेव्हा वीस वर्षांचा होता. डेट्रॉइट शहरातील सामान्य कामगार घरातला हा मुलगा तर्कशास्त्र शिकला ते मुख्यतः ग्रंथालयातील पुस्तकांतून. विद्येची ओढ असलेल्या मुलाला पुस्तकांचे दार उघडे मिळाले की काय घडू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुढे १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांनी ‘परसेप्ट्रॉन’ नावाचे शिकणारे यंत्र जगापुढे आणले. त्याच्या डोळ्यात ४०० प्रकाशसंवेदक होते. ते यंत्र चुका करीत आणि चुका दुरुस्त करीत शिकत असे. त्याची रीत आपण कागदावर करून पाहू शकतो.

समजा, कपाशीच्या शेतातील एखादा कीटक हा गुलाबी बोंडअळीचा पतंग आहे की नाही, हे यंत्राला ओळखायचे आहे. आपण त्याला तीन खुणा देऊ: अंग लहान आहे का, रंग करडा-तपकिरी आहे का, आणि पाठीवर कठीण कवच आहे का. प्रत्येक खुणेला एक भार, म्हणजे महत्त्वाचा आकडा द्यायचा. सुरुवातीचे भार २, २ आणि ० असू द्या. जी खूण आढळेल तिचा भार बेरजेत धरायचा. बेरीज ३ पेक्षा जास्त झाली तर यंत्राने ‘होय’ म्हणायचे, एरवी ‘नाही’.

पहिला आला तो लहान, तपकिरी, कवचवाला भुंगेरा. तिन्ही खुणा हजर. २ अधिक २ अधिक ०, बेरीज ४. यंत्र म्हणाले ‘होय’. हे चूक. दुरुस्तीचा नियम असा की चुकून ‘होय’ म्हटले तर हजर असलेल्या प्रत्येक खुणेचा भार १ ने कमी करायचा. नवे भार झाले १, १ आणि उणे १. आता खरा पतंग आला. तो लहान आहे, करडा-तपकिरी आहे, कवच नाही. बेरीज २. यंत्र म्हणाले ‘नाही’. हेही चूक. चुकून ‘नाही’ म्हटले तर हजर खुणांचा भार १ ने वाढवायचा. नवे भार २, २ आणि उणे १. पुन्हा तपासू. पतंगाची बेरीज ४, उत्तर ‘होय’. भुंगेऱ्याची बेरीज ३, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे नाही, उत्तर ‘नाही’. दोन चुका, दोन दुरुस्त्या, आणि यंत्र हा भेद शिकले. ‘कवच असेल तर पतंग नाही’ असा नियम त्याला कोणी शब्दांत सांगितला नव्हता. तो भारांच्या आकड्यांत आपोआप उतरला.

येथे भार म्हणजे मेंदूतील संपर्कस्थानाची बळकटी, आणि बेरजेची मर्यादा म्हणजे चेतापेशी आवेग सोडते ती मर्यादा. अशा कृत्रिम पेशींचे थरावर थर रचले की चेताजाल तयार होते. हा प्रवास सरळ मात्र झाला नाही. १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सेमूर पेपर्ट यांनी एका थराच्या यंत्राच्या मर्यादा सिद्ध केल्या आणि या संशोधनाला ओहोटी लागली. १९८२ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांनी चेताजालाच्या स्मृतीचे नवे प्रारूप मांडले. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेक थरांपर्यंत चुकीची दुरुस्ती मागे मागे पोहोचवण्याची रीत प्रभावीपणे मांडली. हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. छायाचित्रे ओळखणारी, भाषांतर करणारी, प्रश्नांना उत्तरे देणारी आजची यंत्रणा याच विचाराची वंशज आहे.

चूल एकीकडे, कोठीघर दुसरीकडे

येथे एक अडचण उभी राहते. वरील गणित मेंदूसारखे असले तरी ते ज्या संगणकावर चालते, त्याची रचना मेंदूसारखी नाही. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी वर्णन केलेल्या आराखड्यावर आजचेही बहुतेक संगणक आधारलेले आहेत. त्यात आकडेमोड करणारा भाग एकीकडे आणि स्मृतीचा साठा दुसरीकडे असतो.

वसतिगृहाच्या स्वयंपाकाशी याची तुलना करून पाहावी. दोनशे मुलांचा स्वयंपाक आहे; चूल एका टोकाला आणि कोठीघर दुसऱ्या टोकाला. आचाऱ्याने दर वेळी जाऊन चिमूटभर मीठ आणायचे, मग पुन्हा जाऊन मूठभर डाळ आणायची, पुन्हा जाऊन तिखट आणायचे, असे ठरवले तर स्वयंपाकापेक्षा हेलपाट्यांतच त्याचा दम जाईल. मोठ्या चेताजालात भारांचे आकडे अब्जावधी असतात, आणि ते आकडे स्मृतीतून आकडेमोडीच्या जागी नेण्या-आणण्यातच पुष्कळ वीज खर्च होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी केंद्रे गावेच्या गावे उजळतील इतकी वीज मागतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

मेंदूत चूल आणि कोठी वेगळी नाही. ज्या संपर्कस्थानातून संदेश जातो, त्याच संपर्कस्थानाच्या बळकटीत स्मृती साठलेली असते. शिवाय मेंदूतील सगळ्या पेशी एकाच वेळी जोराने काम करीत नाहीत. सांगण्यासारखे काही असेल तेव्हाच पेशी आवेग सोडते. एरवी ती जवळजवळ शांत असते. मेंदू काटकसरी आहे त्याची ही दोन महत्त्वाची कारणे. ही रचनाच सिलिकॉनमध्ये उतरवावी, हा विचार १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्व्हर मीड यांनी मांडला आणि या शाखेला ‘न्यूरोमॉर्फिक’, म्हणजे चेतारूप, असे नाव दिले. त्यांच्या विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड यांनी डोळ्यातील दृष्टिपटलासारखे काम करणारी सिलिकॉनची चिप घडवली.

पाझरणारा माठ

चेतारूप चिपमधील कृत्रिम पेशी समजण्यासाठी मातीचा माठ डोळ्यांपुढे आणावा. माठात वरून थेंब थेंब पाणी पडते आहे. माठ पाझरतो, म्हणून थोडे पाणी सतत कमी होते. थेंब विरळ असतील तर पाझर जिंकतो आणि माठ कधीच भरत नाही. थेंब थोड्या वेळात एकापाठोपाठ आले तर पाणी काठापर्यंत येते. तत्क्षणी माठ उलटतो, पाणी एकदम सांडते आणि रिकामा माठ पुन्हा भरू लागतो. हे सांडणे म्हणजे आवेग.

चिपमध्ये पाण्याच्या जागी विद्युतभार असतो आणि माठाच्या जागी तो साठवणारे धारित्र. या माठाला साध्या बेरजेपेक्षा एक गोष्ट अधिक कळते, ती म्हणजे वेळ. तेवढेच थेंब सावकाश आले तर तो गप्प राहतो, लगोलग आले तर बोलतो. आवाज, हालचाल, हृदयाचे ठोके अशा काळानुसार बदलणाऱ्या गोष्टी ओळखण्यास ही रीत म्हणूनच सोयीची ठरते.

या तत्त्वावरील पहिल्या मोठ्या चिपपैकी एक म्हणजे आयबीएम कंपनीची ‘ट्रूनॉर्थ’. २०१४ मध्ये ती जाहीर झाली. तीत १० लाख कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी संपर्कस्थाने होती, आणि ती चालवण्यास सुमारे ७० मिलिवॅट वीज लागे; म्हणजे एका वॅटच्या दहाव्या भागाहूनही कमी. या प्रकल्पाचे प्रमुख धर्मेंद्र मोधा हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. १० लाख हा आकडा मोठा वाटतो, परंतु मानवी मेंदूतील पेशी त्याच्या ८६ हजार पट आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

पवईत झालेले काम

मुंबईच्या पवई भागातील आयआयटीत प्रा. उदयन गांगुली यांचा संशोधक गट गेली अनेक वर्षे अशा कृत्रिम चेतापेशी घडवण्यात गुंतलेला आहे. त्यांनी हाताळलेला प्रश्न माठाच्याच भाषेत सांगता येईल. धारित्र लहान ठेवायचे तर ते क्षणात भरून वाहते, आणि पेशी विनाकारण घाईने आवेग सोडते. ते सावकाश भरावे म्हणून मोठे केले तर चिपवर जागाही अधिक लागते आणि वीजही. माठ लहानच राहावा आणि तरीही सावकाश भरावा, यासाठी वरून पडणारी धार अत्यंत बारीक हवी.

ही बारीक धार त्यांनी क्वांटम भौतिकीतून मिळवली. नेहमीच्या जगात चेंडूला भिंत ओलांडता येत नसेल तर तो अलीकडेच राहतो. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्म जगात मात्र भिंत पुरेशी पातळ असेल तर काही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडतात, जणू ते बोगद्यातून गेले. अशा रीतीने वाहणारा प्रवाह अतिशय क्षीण असतो. ट्रान्झिस्टरच्या जगात हा प्रवाह पुष्कळदा नको असलेली गळती म्हणून ओळखला जातो. या गटाने ती गळतीच कामाला लावली आणि तिच्यावर लहानसे धारित्र सावकाश भरवले. टाकाऊ मानलेल्या गोष्टीत उपयोग पाहण्याची ही दृष्टी आम्हांला विशेष मोलाची वाटते.

प्रा. गांगुली, प्रा. मरियम शोजाई बाघिनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. जागा तेवढीच ठेवून, आधीच्या उत्तम कृत्रिम चेतापेशीच्या तुलनेत प्रत्येक आवेगाला ५,००० पट कमी ऊर्जा लागते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. कानाकडून येणाऱ्या संदेशांवर मेंदू जसे काम करतो, त्या धर्तीवर बोललेले शब्द ओळखण्याच्या प्रारूपात त्यांनी ही पेशी वापरून दाखवली. त्यासाठी आवाजाचे आवेगांत रूपांतर करणाऱ्या २० आणि पुढील कामाच्या ३६, अशा अवघ्या ५६ कृत्रिम पेशी पुरल्या. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतही श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने २०२४ मध्ये वेगळ्या वाटेने, एका रेणूच्या पातळ थरात सुमारे १६,५०० वेगवेगळ्या अवस्था साठवण्याची किमया साधली. चूल आणि कोठी एकत्र आणण्याचाच हा दुसरा प्रयत्न होय. ही कामे अजून मुख्यतः प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहेत. त्यांची उपकरणे उद्याच बाजारात येतील, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

कामगंध सापळ्यापाशी

वीज वाचवणाऱ्या चिपशी यवतमाळच्या शेतकऱ्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कपाशीच्या शेतात आहे.

२०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजवला. त्याच हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा बहुधा शेतमजूर असतो. तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच पालकांपैकी कोणी असतो. टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी टळणे हा म्हणूनच केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही.

फवारणी केव्हा करावी, याचा शास्त्रीय आधार उपलब्ध आहे. शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधासारख्या गंधाने नर पतंग त्यात येतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचली असे मानून उपाय करावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. नियम सोपा आहे. पतंग नीट ओळखणे, रोज मोजणे आणि वेळेवर सल्ला मिळणे अवघड आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने यासाठी मोबाईलवर चालणारे ‘कॉटनएस’ हे साधन तयार केले. सापळ्यातील पतंग पांढऱ्या कागदावर ओतून छायाचित्र घ्यायचे. चेताजाल पतंग ओळखून मोजते आणि फवारणीची गरज आहे की नाही, ते सांगते. आपण वर कागदावर केलेल्या गणिताचेच हे विस्तारलेले रूप. हे चेताजाल लहान करून साध्या फोनमध्ये, इंटरनेट नसतानाही चालेल असे बसवण्यात आले, हे त्यातील विशेष. शेतात जाळे मिळत नाही आणि वीज वेळेवर येत नाही, हे ज्याने ध्यानात घेतले त्याचेच यंत्र शेतकऱ्याच्या उपयोगी पडते.

चेतारूप चिपचे महत्त्व याच ठिकाणी आहे. मिलिवॅटच्या हिशेबात चालणारे उपकरण लहानशा सौर पट्टीवर महिनोन् महिने बांधावर उभे राहून पतंग मोजू शकेल. दूरच्या तांड्यावर किंवा पोडावर हृदयाच्या ठोक्यातील अनियमितता टिपू शकेल. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीचे बोलणे ऐकून उत्तर देऊ शकेल. ज्यांच्यापर्यंत वीज आणि इंटरनेट अखेरीस पोहोचते, त्यांनाच कमी विजेवर चालणाऱ्या बुद्धिमत्तेची सर्वाधिक गरज आहे.

यंत्राच्या वहीत कोणाची भाषा?

शिकणाऱ्या यंत्राविषयी एक सत्य प्रत्येक पालकाने जाणून घेतले पाहिजे. त्याला जे दाखवले, तेवढेच ते शिकते. आपल्या उदाहरणातील यंत्राला भुंगेरा कधी दाखवलाच नसता, तर त्याने प्रत्येक भुंगेऱ्याला बोंडअळीचा पतंग ठरवले असते, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

हेच बोलण्याच्या बाबतीत घडते. यंत्राला मराठी शिकवताना त्याच्या वहीत केवळ शहरी, प्रमाण मराठीचे नमुने असतील तर त्याला आपली वऱ्हाडी अडखळत कळेल. बंजारा समाजाची गोरमाटी आणि कोलाम बांधवांची कोलामी या यवतमाळच्या मातीत बोलल्या जाणाऱ्या भाषा तर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही नाहीत. यंत्राच्या वहीत त्यांची पाने फारच थोडी. पिढ्यान्पिढ्या ज्यांना पाटी-पुस्तकापासून दूर ठेवले गेले, त्यांचे शब्द आता यंत्राच्या शाळेतही बाहेर राहिले तर ती जुनीच बहिष्कृती नव्या वेशात आली असे म्हणावे लागेल. यात कोणाचा कट असण्याची गरज नाही. नमुने गोळा करणाऱ्यांत आपली माणसे नसणे एवढे कारण पुरेसे आहे.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्या हाती आहेत. भारत सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमात ‘भाषादान’ म्हणून आपला आवाज व वाक्ये देण्याची सोय आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीच्या ढंगातील मराठी तेथे द्यावी. जे माजी विद्यार्थी अभियांत्रिकीकडे वळले आहेत, त्यांनी गोरमाटी व कोलामीतील शब्द आणि वाक्ये त्या त्या समाजाच्या संमतीने व सहभागाने नोंदवण्याचे काम हाती घ्यावे. आमची पालकांना विनंती आहे की मुलीला गणित जड जाते असे ठरवून तिला या वाटेवरून मागे ओढू नका. वरचे गणित सातवीतील मुलगी सहज करील.

नागसेनाचा रथ

शेवटी एका प्रश्नाकडे वळणे भाग आहे. असे यंत्र खरोखर विचार करते काय?

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातील प्रसंग आपल्या वाचकांना परिचित आहे. राजा मिलिंद रथातून आला होता. भिक्खू नागसेनांनी त्याला विचारले की रथ म्हणजे चाक काय, आस काय, की जू? राजाने प्रत्येकाला नकार दिला. सर्व भाग विशिष्ट रीतीने जुळले म्हणजे त्या जुळणीला आपण रथ म्हणतो, हे तेव्हा स्पष्ट झाले. बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला याच जिज्ञासू राजाचे नाव दिले. ८,६०० कोटी पेशींपैकी कोणतीही एक पेशी ‘मी’ नाही, कोणत्याही एका पेशीत आईचा चेहरा किंवा पसायदानाचा वा वंदनेचा सूर साठलेला नाही. सारे परस्परसंबंधांत आहे. मेंदूविज्ञानाचे हे म्हणणे नागसेनांच्या उत्तराशी जुळते असे आम्हांला वाटते. तथापि बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी संगणक सांगून ठेवला होता, असा दावा आम्ही करणार नाही. तो धम्माचाही मान ठेवणारा नाही आणि विज्ञानाचाही.

यंत्रातील जोडण्या आणि माणसातील जोडण्या यांत एक अंतर राहतेच. यंत्राला पतंग ओळखता येतो. फवारणीनंतर घरी न परतलेल्या माणसाच्या घरातील शांतता त्याला ओळखता येत नाही. ते दुःख जाणवण्यासाठी शरीर लागते, नाती लागतात, मैत्री आणि करुणा लागते. यंत्राने दिलेले उत्तर खरे आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारीही माणसावरच राहते. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालाम लोकांना सांगितले होते. त्या यादीत आज ‘यंत्राने सांगितले म्हणून’ हेही जोडावे लागेल.

सारांश, बुद्धी जोडण्यांत वसते आणि जोडण्या अनुभवाने घडतात. ज्यांचा अनुभव यंत्रापुढे मांडला जाईल, त्यांच्या गरजा यंत्राला कळतील. मुलांच्या मेंदूत ज्ञानाच्या वाटा रुळवण्याचे काम आपल्या संस्थेने आजवर निष्ठेने केले. येथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी यंत्रांनाही आपली माती, आपली बोली आणि आपली गरज शिकवावी, आणि ते शिकवताना स्वतःची परीक्षक बुद्धी जागी ठेवावी, अशी सदिच्छा या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही व्यक्त करतो.

सर्वांचे मंगल होवो.